तिसाव्या सवालाची बखर

श्री. प्रथम नमन पाण्यास, जे न बोलाविता येते आणि न सांगता जाते. दुसरे नमन चंद्रास, ज्याच्या ओढीने त्याचे येणेजाणे. आणि तिसरे नमन त्या सर्वांस, ज्यांनी चूक सापडता "ही माझी" म्हणोन हात वर केला. पुढील हकीकत जैशी घडली तैशी लिहिली आहे, वाढविली ती केवळ चवीपुरते मीठ घालावे इतकीच. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, फाल्गुन वद्य अमावास्या, सोमवार, ते दिवशी खाडीकाठच्या एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐसे. त्या राज्यात खाडी मोठी आणि पूल नाही, आणि पैलतीरी बेटावर महादेवाचे स्थान, आणि ये-जा सारी होडीने. खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे, त्यावरून होडी पूर्ण भरतीच्या आगेमागेच निघते, एरवी बुडाशी वाळू लागते. म्हणोन भरती किती वाजता, हा त्या राज्याचा पहिला प्रश्न. पूर्वी तो तांडेल लोक सांगत, म्हणजे होडी हाकणारे. तिथीची पाऊणपट करावी आणि तितके वाजता भरती, हा त्यांचा तोंडचा हिशेब. पुढे राज्यात यंत्रे आली आणि हाच हिशेब यंत्रांस शिकविला. यंत्रास सांगावयाचे काम ओळीने लिहितात, त्यास आज्ञावली म्हणतात. आणि यंत्रांशी बोलावयाच्या भाषा तीन, म्हणोन दालने तीन. जुन्या बोलीचे दालन बाबदेवपंत कुवळेकर यांजकडे, त्यांची आज्ञावली धक्क्यावरील यंत्रात, ते यंत्र भरतीस पाऊण तास उरताच निघावयाचा बावटा चढवी. नागबोलीचे दालन रोहिणीबाई गवाणकर यांजकडे, त्यांची आज्ञावली होडीतील लहान यंत्रात. माणिकबोलीचे दालन फैजुद्दीन परकार यांजकडे, त्यांची आज्ञावली वाड्याबाहेरील फलकावर रोजची वेळ उमटवी. हिशेब एक, बोली तीन.

आता त्या राज्याची एक रीत सांगितली पाहिजे. आद्य कारभाऱ्यांनी नियम घातला होता की, कोणतीही आज्ञावली दाराबाहेर जाईल ती आपली परीक्षा आपल्या अंगावर बांधून जाईल. म्हणजे ऐसे की, आज्ञावलीस कोणी कामास बोलाविले तर तिने काम करावे आणि गप्प असावे. आणि कोणी कामाविना एकटीच उभी केली तर तिने स्वतःस प्रश्न घालून, उत्तरे ताडून, "शुद्ध" किंवा "अशुद्ध" ऐसे सांगावे. नियम चांगला होता. परंतु चांगल्या नियमासही वय होते आणि अंग सुटते. एका बोलीची यंत्रेही एका स्वभावाची नसत. दरबारातील थोरले यंत्र आणि होडीतील धाकटे यंत्र, दोन्ही नागबोली जाणणारी, परंतु एकास हाक मारिता ते ओ देई आणि दुसरे आधी नाव पुसे. मग परीक्षेत लिहावे लागे की थोरले असेल तर ऐसे कर, धाकटे असेल तर तैसे कर, आणि दोन्ही नसेल तर रुसू नको. प्रत्येक दालनाने आपापल्या परीने हे लिहिले आणि वर्षानुवर्षे लिहीतच राहिले. शेवटी भरतीच्या आज्ञावलीत कामाच्या ओळी नऊ आणि परीक्षेच्या ओळी अकराशे, इतके शेपूट जाहले. ते पूर्ण वाचलेला माणूस राज्यात उरला नव्हता, आणि नव्हता म्हणोनच सर्वांस त्याचा आदर फार.

तो फाल्गुनात सोमवती अमावास्या आली. अमावास्येस होडी घालू नये हा खाडीचा जुना रिवाज; परंतु राणीसरकारांच्या सासूबाई, थोरल्या बाईसाहेब, यांच्या मनात आले की सोमवतीस बेटावर जाऊन महादेवास अभिषेक करावा. आणि त्यांच्या मनात आले म्हणजे हुकूम झालाच. होडीवर तांडेल जनू, वय साठीचे, चाळीस वर्षे त्या होडीचे सुकाणू धरलेले, त्यांनी अर्ज केला की, "आज नको." अर्ज तैसाच राहिला. थोरल्या बाईसाहेब कोठेही जाणे तर दोन घटका आधी पोचणाऱ्या, त्या सकाळीच शंभर नारळ आणि चाळीस माणसे घेऊन धक्क्यावर येऊन बैसल्या. पावणेदहा वाजता धक्क्यावरील यंत्राने बावटा चढविला. जनू तांडेल होडीतल्या यंत्राकडे पाहतात तो ते सांगते, भरती सव्वाअकराला. म्हणजे निघावयास अजून पाऊण तास. परंतु दरबारचा कायदा ऐसा की बावटा चढला की दोर सोडावा. लोक म्हणाले, "तांडेलानू, बावटो दिसता ना?" मग त्यांनी दोर सोडिला आणि होडी मुखाशी जाऊन वाळूवर बैसली ती बैसलीच. पाणी चढते होते म्हणोन जिवास भय नव्हते, तासाभराने होडी आपोआप उठणार होती. परंतु तो तासभर चाळीस माणसे, शंभर नारळ आणि थोरल्या बाईसाहेब भर खाडीत, दोन्ही काठांच्या लोकांसमक्ष, वाळूवर शोभा देत राहिल्या, आणि अभिषेकाचा मुहूर्त टळला. बाईसाहेब म्हणाल्या, "तांडेला, नारळ देवाला आणले होते रे मी, खेकड्यांना नव्हे!" काठावर हशा पिकला. जनू तांडेल मान खाली घालोन उभे. चाळीस वर्षांत त्यांच्या होडीवर कोणी हसले नव्हते.

दुसरे दिवशी गुढ्या उभ्या राहिल्या आणि शके १९४६ लागले, आणि तिसरे दिवशी चौकशी बैसली. दरबारात तिन्ही आज्ञावल्या आणवून एकेकीस एकटीच उभी केली. जुनी बोली दोन घटका घरघरली आणि म्हणाली, "शुद्ध." नागबोली म्हणाली, "शुद्ध." माणिकबोलीने आणिक एक फूल काढून "शुद्ध" म्हटले. मग कारभारी बोलिले, "यंत्रे तिन्ही शुद्ध, तेव्हा दोष माणसाचा. सुकाणू तांडेलाकडून काढावे. पुढील अमावास्येपर्यंत त्यांच्या बाजूने काही निघाले तर पाहू, न निघाले तर होडी दुसऱ्यास द्यावी." त्याच दरबारात खालच्या रांगेत मंजुळाबाई तांडेल बैसल्या होत्या. ह्या जनू तांडेलांच्या कन्या, वय तिसाचे, तिन्ही बोली शिकोन दरबारच्या चाकरीस लागलेल्या. तिन्ही दालनांची कामे एकमेकांस जोडून देणे हे त्यांचे काम. बापाचे नाव सुकाणूवरून उतरले ते त्यांनी कानाने ऐकिले. परंतु रडण्याआधी त्यांनी उठोन, हात जोडून, इतकेच म्हटले की, "सरकार, परवानगी असेल तर तिघींस एकच सवाल घालते." राणीसरकार म्हणाल्या, "घाला." मंजुळाबाईंनी पुसले, "अमावास्येस भरती कधी?" जुनी बोली म्हणाली, साडेदहा. नागबोली म्हणाली, सव्वाअकरा. माणिकबोली म्हणाली, बारा. मग सर्वजण एकदम बोलू लागले.

बाबदेवपंत म्हणाले, "आमची बरोबर. पंचांगात अमावास्या तीस अशी लिहितात. तिसाची पाऊणपट साडेबावीस, बारा वजा, राहिले साडेदहा. चूक कोठे?" रोहिणीबाई म्हणाल्या, "पंत, चौदानंतर तीस येते होय? पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा." फैजुद्दीनमियाँ दाढी कुरवाळीत म्हणाले, "आम्ही पंधराने भागून बाकी घेतो. बाकी शून्य. शून्यापासून मोजणे हा तर आमचा कुळाचार आहे, बाई. शून्य म्हणजे बारा." मंजुळाबाई म्हणाल्या, "मग तिघीही शुद्ध कशा?" तिघेही म्हणाले, "शेपटाला विचारा." मग मंजुळाबाई तीन दिवस शेपटांत शिरल्या. तीन वेळा अकराशे ओळी त्यांनी बोट ठेवून वाचिल्या, आणि चौथे दिवशी बाहेर आल्या त्या हसत की चिडत हे त्यांचे त्यांसही कळेना. प्रत्येक शेपटात प्रश्न होते आणि प्रश्नांपुढे उत्तरे होती. परंतु ती उत्तरे कोणे एके काळी आज्ञावलीलाच विचारून लिहोन घेतलेली. तिने जे सांगितले तेच खरे म्हणोन मांडिले, आणि पुढे रोज तिला तेच पुसोन, तेच ऐकोन, "शुद्ध" म्हटले. बाबदेवपंतांस हे दाखविले तो ते म्हणाले, "मग दुसऱ्या कोणाला विचारायचे?" आणि हा प्रश्न पंतांनी रागाने केला, परंतु मंजुळाबाईंस तो सोन्यासारखा वाटला. त्या तैशाच उठोन घरी गेल्या.

घरी जनू तांडेल अंगणात जाळे विणीत बैसले होते, पाठ दाराकडे. चौकशीपासून ते लेकीशी बोलत नव्हते. मंजुळाबाईंनी हाक मारिली, "आबा." पुन्हा हाक मारिली तो पाठमोरेच म्हणाले, "तुमच्या यंत्रान माझा सुकाणू खाल्ल्यान. आता जाळा तरी सोडा." मंजुळाबाई उंबऱ्यावर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आबा, बीजेला भरती कधी?" आता तांडेलाच्या पोटचा माणूस कितीही रुसला तरी भरतीचा सवाल कानी पडता गप्प राहणे त्यास जमत नाही. "दीडाक," ते म्हणाले. "तीजेला?" "सव्वादोन." "अष्टमीला?" "सहाक. अगो, ह्या तुका म्हाईत नाय? माझी आये दळताना गायची." आणि पाठ न वळविता, जाळ्याची गाठ मारीत, त्यांनी आईच्या ओव्या म्हणावयास आरंभ केला:

बीजेची भरती बाई, दीडाला गं दारी
माहेरची होडी माझी, दिसते पैलतीरी

अष्टमीची भरती बाई, सहाच्या ठोक्याला
खारा वारा लागे, पदर बांधिते डोक्याला

म्हणता म्हणता पाठ वळली, आणि पौर्णिमेपाशी येता येता जाळे मांडीवरून खाली पडले. मंजुळाबाई लिहोन घेत होत्या. एका अंगास सवाल, दुसऱ्या अंगास जबाब, जत्रेत सवाल-जबाब गातात तैसे; कोणत्याही बोलीचे व्याकरण नाही, केवळ तिथी आणि वेळ. एकोणतीस ओळी जाहल्या. मग त्यांनी विचारिले, "आणि अमावास्येला?" जनू तांडेल थबकले. मग म्हणाले, "माका म्हाईत नाय, बाय. माझ्या जन्मात त्या दिसाक होडी घातलंय ती एकदाच, ती पण वाळूर. आयेच्या ओवीत अमावास्या नाय. सांगू कसा?" "पंधराची पाऊणपट धरली तर सव्वाअकरा होतात, आबा. नागबोली तेच सांगते. तुमच्या बाजूचेच आहे." "माझ्या बाजूचा म्हणान लिवतलस?" ते म्हणाले. "मग तुझ्यात नि त्या शेपटात फरक काय रवलो?" मंजुळाबाईंनी लेखणी खाली ठेविली. तिसाव्या ओळीत सवाल लिहिला आणि जबाबाची जागा मोकळी सोडिली.

पुढे वीसबावीस दिवस बापलेक रोज दिवसाच्या भरतीस धक्क्याच्या पायऱ्यांवर बैसत. नारळाचे सोडण, म्हणजे वरचे साल, पाण्यात टाकावे, ते आत जात राहील तोवर भरती, थबकेल ती पूर्ण भरती, आणि उलटे वळेल ती ओहोटी; तेव्हा घड्याळ पाहावे आणि जबाबापुढे खूण करावी. कधी आईच्या ओवीहून चार मिनिटे पुढे, कधी सात मिनिटे मागे. म्हणोन वहीच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की दहा मिनिटे इकडेतिकडे माफ. पाणी आहे, शिपाई नव्हे. कधी भाकरी पायरीवरच खावी, कधी तांडेलांनी जुन्या वादळांच्या गोष्टी सांगाव्या आणि मंजुळाबाईंनी खोट्या कोणत्या ते ओळखावे. लेकीस लहानपणापासून बापाशी इतके बैसावयास कधी मिळाले नव्हते, आणि बापास लेकीचे काम काय हे प्रथमच कळत होते. एके दिवशी ते म्हणाले, "म्हणजे तू बी पाण्याक विचारतस नि लोकांक सांगतस. मग तू बी तांडेलच गो." सोडण वळले तरी मंजुळाबाईंचे घड्याळ पाहावयाचे राहून गेले, आणि त्या दिवसाची खूण तांडेलांच्या सांगण्यावरून करावी लागली.

चैत्र वद्य चतुर्दशीस दरबार भरला. मंजुळाबाईंनी कागद मांडिला, तीस ओळींचा, आणि अर्ज केला की, "तिन्ही शेपटे कापावी. प्रत्येक बोलीत परीक्षा इतकीच असावी: हा कागद वाच, सवाल घे, जबाब दे, ताडून पहा. कागद एकच आणि सर्वांस तोच. यंत्राचा स्वभाव काय तो ज्याने त्याने आपल्या दाराशी तीन ओळींत सांभाळावा." कापावी म्हणताच दालनांत हलकल्लोळ जाहला. बाबदेवपंत म्हणाले, "वीस वर्षांचे शेपूट आहे ते, बाई! माझी मुलगी त्याहून लहान आहे!" राणीसरकार म्हणाल्या, "पंत, मुलीचे लग्न झाले ना? मग शेपटालाही निरोप द्या." मग कागद तिन्ही आज्ञावल्यांपुढे धरिला. जुनी बोली एकोणतीस उतरली. नागबोली एकोणतीस उतरली. माणिकबोली पौर्णिमेस अडखळली: कागद म्हणे सव्वाअकरा, ती म्हणे बारा. फैजुद्दीनमियाँ उभेच राहिले. "या अल्ला," ते म्हणाले, "म्हणजे दर पौर्णिमेला फलक पाहून लोक पाऊण तास उशिरा यायचे, आणि होडी चुकली म्हणून बिचारे आपल्याच पायांना दोष द्यायचे! माझी स्वतःची मावशी दोनदा परत गेली आहे." आणि त्यांनी तेथेच हात वर करोन चूक आपली म्हटली. मग कारभारी म्हणाले, "तिसावा जबाब कोठे आहे?" मंजुळाबाई म्हणाल्या, "नाही." "दोन बोली बाकी सगळीकडे उतरल्या. त्यांतली एक निवडा आणि भरा. नागबोलीची वेळ भरली तर तुमच्या वडिलांचे हितच आहे." मंजुळाबाई म्हणाल्या, "हित आहे हे खरे. म्हणोनच मला भरता येत नाही. उद्या अमावास्या आहे, पाण्यासच विचारू. बावट्याची साडेदहाची वेळ खरी निघाली तर होडी दुसऱ्यास द्यावी, माझी हरकत नाही."

दुसरे दिवशी अवघे राज्य धक्क्यावर. राणीसरकार छत्रीखाली, थोरल्या बाईसाहेब दोन घटका आधीच येऊन पहिल्या पायरीवर, शेजारी नारळांचे पोते. जनू तांडेलांनी सोडण पाण्यात टाकिले आणि मागे सरकून उभे राहिले. साडेदहा जाहले. बाबदेवपंत वाकून म्हणाले, "हे बघा, वळेल आता." सोडण आत चालले. पंत म्हणाले, "थोडे थांबू." सोडण आतच चालले होते. पावणेअकरा जाहले तेव्हा पंतांनी पगडी काढून हातात घेतली आणि लोकांनी टाळी न पिटता पाहिले, हे त्या लोकांचे सौजन्य. अकरा वाजले. मंजुळाबाईंस घड्याळाकडे पाहवेना आणि न पाहताही राहवेना. सव्वाअकरा. सोडण चालतच होते, अगदी हळू. थोरल्या बाईसाहेब पुटपुटल्या, "वळ रे बाबा." अठरा मिनिटांवर सोडण थबकले. खाडीभर एक क्षण काहीच हलले नाही, पायरीवरील चाळीस पायही हलले नाहीत. आणि मग सोडण डुलले आणि मुखाकडे वळले. अकरा वाजून अठरा. दहा मिनिटे इकडेतिकडे माफ. फैजुद्दीनमियाँ तरी बारापर्यंत उभे राहिले, कारण न पाहता हार मानणे त्यांच्या दालनास शोभत नसे. तोवर एक पायरी उघडी पडली होती. बाबदेवपंत सर्वांसमक्ष जनू तांडेलांपुढे आले आणि म्हणाले, "तांडेल, वीस वर्षे माझी आज्ञावली स्वतःलाच विचारून स्वतःला शाबास म्हणत होती, आणि मी शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. बावटा मी चढवला. तुम्ही वाळूवर माझ्यामुळे गेलात." जनू तांडेल ओशाळून म्हणाले, "असूंदे हो पंतानू. होडी आपल्याच वाळूर बसली, परक्याच्या नाय." मग राणीसरकारांनी स्वहस्ते सुकाणूचा दांडा त्यांच्या हाती दिला, आणि मंजुळाबाईंस कागद पुढे करोन म्हटले, "भरा." मंजुळाबाईंनी बापाकडे पाहिले. तांडेल म्हणाले, "लिव गो. आता पाण्यान सांगितलान." तिसाव्या ओळीत सव्वाअकरा लिहिले गेले, आणि त्याच पाण्यावर, ओहोटीने पुरता जोर धरण्याआधी, होडी थोरल्या बाईसाहेबांस घेऊन उंचवट्यावरून अल्लाद पार जाहली, बुडास वाळू लागली नाही.

येणेप्रमाणे वर्तमान. तिन्ही शेपटे कापिली. तेहतीसशे ओळींच्या जागी तीस ओळींचा एक कागद राहिला, आणि प्रत्येक दालनाची दाराशी तीन ओळींची शिस्त. पुढे चौथ्या बोलीचे दालन निघाले, तेथील नव्या कारभारणीने कागद आपल्या आज्ञावलीपुढे धरिला तो पहिलेच दिवशी चार जागी अशुद्ध निघाली, आणि त्या बाई आनंदाने पेढे वाटीत दरबारात आल्या की, "चार जागी चुकले, आणि होडी अजून बांधलेलीच आहे." राज्य सुखी जाहले. कागद खाडीचा आहे, कोण्या दालनाचा नाही. लेखनसीमा.